झिप्रीच्या जेवणावरून

अण्णा, भेटायला येणारे लोक मला सांगतात की सासऱ्यांनी तुला लेकीसारखं वागवलं. मी मान हलवते आणि चहा टाकायला आत जाते. त्यांना काय सांगणार? लेकीशी कोणी महिनाभर अबोला धरत नाही. एका छपराखाली राहून, एकाच टेबलावर जेवून आपण तो धरला होता, आणि तोही कुत्रीच्या जेवणावरून. हे ऐकून लोक हसतील. तेव्हा आपल्या घरात कोणी हसत नव्हतं.

मी लग्न होऊन जेल रोडच्या या घरात आले तेव्हा स्वयंपाकघर तुमचं होतं. विवेक शाळेत असतानाच त्याची आई गेली. तेव्हापासून प्रेसमधली पाळी सांभाळून दोन्ही वेळचा स्वयंपाक तुम्हीच करत आलात. पहिल्या सकाळी मी लगबगीनं ओट्यापाशी आले, तर तुमची कणीक मळून झाली होती. तू ऑफिसची तयारी कर, म्हणालात, आणि माझा डबा माझ्या हातात ठेवलात. मैत्रिणींना माझा हेवा वाटला. मलाही वाटलं, सुटले. या घरात राहायचं तर तुमच्या हातचं खायला लागतं आणि त्यावर बोलायचं नसतं, हे मला हळूहळू कळत गेलं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात माझे बाबा गेले. आई आधीच गेली होती. दिंडोरीतलं त्यांचं औषधांचं दुकान दुसऱ्यानं घेतलं, भाड्याचं घर सोडावं लागलं, आणि मागे उरली झिप्री. पोमेरियन आणि गावठी यांची मिसळ, डोळ्यांवर केस. विवेकनं तुम्हाला विचारलं तेव्हा पेपर खाली न ठेवता तुम्ही म्हणालात, आण, घरात भाकरी उरतेच.

त्या वाक्यात पुढचं सगळं होतं, पण मी तेव्हा फक्त 'आण' एवढंच ऐकलं.

तिच्याबरोबर मी तिच्या खाण्याचं अर्धं पोतंही आणलं होतं. झिप्री लहान असताना तिला खाज सुटली होती. अंगावरचे केस जाऊन गुलाबी कातडी दिसायला लागली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी घरचं खाणं बंद करून हे तयार खाणं सुरू करायला सांगितलं आणि दोनतीन महिन्यांत केस परत आले. बाबा औषधं विकणारे. वेष्टनावर काय काय आहे ते छापलेलं असलं की त्यांना धीर यायचा. कॉलेज रोडच्या एका दुकानातून ते पोतं आणायचे, आणि ते दिंडोरीला न्यायचं म्हणजे एस.टी.त मांडीवर घेऊन बसायचे.

तुम्ही हे ऐकून घेतलंत आणि तिच्यापुढे ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून ठेवलीत. तिनं ताटली चाटून पुसून साफ केली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. संध्याकाळी व्हरांडाभर तिची हगवण मी पुसली तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी पोतं उघडलं. त्यातला एक दाणा तुम्ही चिमटीत धरून दाबलात, हुंगलात आणि चक्क तोंडात टाकलात. बराच वेळ चावत राहिलात. मग म्हणालात, द्राक्षाच्या बागेत दाणेदार खत टाकतात तसलं आहे हे. मी खाजेचं सांगितलं. खाज आंघोळीनं जाते, तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही म्हणालात, मीही पाहिलंय. आणि मग मला पेठकडच्या तुमच्या गावची गोष्ट सांगितलीत. घरात नागलीची भाकरी पोटभर मिळायची मारामार, तरी तुमची आई कुत्र्याचा तुकडा आधी काढून ठेवायची. माणसांच्या चुलीवरचं खातं म्हणून ते माणसांचं असतं, असं तिचं म्हणणं होतं. पोत्यातलं खाणारं जनावर दारात राहील, पण आपलं कसं होईल, असं तुम्ही मला विचारलंत.

पण झिप्रीचे केस गळताना मी पाहिले होते, आणि तुमच्या आईला मी पाहिलं नव्हतं.

मग तिची दोन ताटं झाली. माझं व्हरांड्यात, तुमचं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. मी ऑफिसला निघताना तिचं पोट भरून जायचे, आणि बस सुटेपर्यंत तुम्ही तिला हाक मारलेली असायची. चपाती, वरणभात, रविवारी मटणाचा रस्सा. झिप्रीचं काय, ती दोन्हीकडे जेवायची. लोडासारखी गोल झाली. डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं की काय घालायचं ते घाला, पण एकच कोणीतरी घाला. आपण दोघांनी माना डोलावल्या. घरी परतताना माझी खात्री होती की आता तुम्ही थांबणार. तुमचीही तशीच खात्री असणार. विवेकला कोणी मत विचारलं की तो म्हणायचा, दोघांचंही बरोबर आहे, आणि स्कूटरला किक मारायचा.

अशी काही वर्षं गेली. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसत असेल. पण मी घराच्या पायऱ्या चढताना आधी तिच्या तोंडाचा वास घ्यायचे, आज काय घातलंय ते कळायला. आणि तुम्ही रोज पोत्याची घडी बघायचा, कितपत खाली आलीय ते.

मग तो शनिवार आला. मी अर्ध्या दिवसानं घरी आले, तर नुकतंच आणलेलं पोतं रिकामं, नीट घडी करून कपाटावर ठेवलेलं. तुम्ही ओट्यापाशी भाकऱ्या थापत होता. मी विचारलं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की मागच्या गल्लीत कोंबड्यांना घातलं, त्यांनी आवडीनं खाल्लं, ते त्यांचंच खाणं आहे.

"अण्णा," मी म्हटलं, "ती माझ्या बाबांची कुत्री आहे. तिला काय घालायचं ते मी ठरवणार."

तुम्ही मागे वळला नाहीत. म्हणालात, "मग बाबांच्या घरी नेऊन ठेव."

मी तुमच्या पाठीकडे बघत उभी राहिले. तव्यावरची भाकरी फुगली, तिच्यातून वाफ गेली, तरी तुमचा हात पुढे आला नाही. करपल्याचा वास सुटला. त्यावरून मला कळलं की तुम्ही काय बोलून गेलात ते तुमचं तुम्हाला समजलंय. तरी तुम्ही वळला नाहीत. मीही तुमच्या वळण्याची वाट बघितली नाही. झिप्रीला उचललं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आपला अबोला त्या दिवशी सुरू झाला. मी विवेकला सांगितलं की वेगळी जागा बघ. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून चौकशीला लागला. इंदिरानगरला एक फ्लॅट मिळाला, तळमजल्यावरचा, झिप्रीला पायऱ्या नकोत म्हणून. त्यानं तुम्हाला कसं सांगितलं ते मला माहीत नाही. मी आतून फक्त तुमचा आवाज ऐकला, "बरं."

त्या सगळ्या दिवसांत माझा डबा मात्र रोज टेबलावर असायचा. तुम्ही हाक मारत नव्हता, मी थँक यू म्हणत नव्हते. ऑफिसात उघडला की गिलक्याची भाजी, किंवा मला आवडते तशी लसूण जास्त घातलेली मेथी. मी रागारागानं सगळं संपवायचे. आज तुम्हाला सांगते, डबा न नेण्याचं एकदाही मनात आलं नाही. का ते मलाच कळत नाही.

सामान बांधायला घेतलं आणि झिप्रीनं खाणं सोडलं. आधी वाटलं, घरातल्या पसाऱ्यानं बिथरली असेल. पण ती पाणी फार पीत होती, बादलीत तोंड घालून पीत होती, आणि घरातच ओलं करत होती. तोंडाला घाण वास यायला लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, किडन्या थकल्यात. यासाठी वेगळं खाणं मिळतं, ते इथे नाही, मुंबईहून मागवावं लागेल. विवेक स्वतः जाऊन घेऊन आला. नवं पोतं, छान छापलेलं, मागे बारीक अक्षरात सगळा मजकूर. मी तो दोनदा वाचला. बाबांनी तसंच केलं असतं.

झिप्रीनं ते हुंगलं आणि मान फिरवली.

मी ते कोमट पाण्यात भिजवलं. हातावर घेऊन भरवलं. जबडा उघडून घास आत सरकवला, तिनं तो जिभेनं बाहेर ढकलला. रोज दवाखान्यात नेऊन तिला सलाइन लावत होते. पाठीचा कणा हाताला लागायला लागला. आणि हे सगळं चाललेलं असताना तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे असायचा. मला वाटायचं, काहीतरी बोला, टोमणा मारा, म्हणजे मला तुमच्यावर ओरडता येईल. तुम्ही फक्त बघत होता. इंदिरानगरला जायचा दिवस पुढे ढकलला, पण कोणी तो रद्द केला नव्हता.

एका दुपारी ऑफिसात माझं लक्ष लागेना. सुट्टी टाकून घरी आले. दार लोटलेलं होतं. तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता, पाय पसरून, झिप्रीचं डोकं मांडीवर. हातात वाटी. बोटानं तुम्ही तिच्या ओठांना काहीतरी लावत होता, आणि ती चाटत होती. इतक्या दिवसांनी तिची जीभ स्वतःहून बाहेर येताना मी पाहिली.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मी चपला न काढता तशीच आत शिरले.

"काय आहे त्यात?"

अबोला मोडला तो या शब्दांनी. तुम्ही वर बघितलंत. रागावलात किंवा घाबरलात की तुमच्या तोंडी गावाकडची बोली यायची. तशीच आली. "भाताची पेज हाय. आन् रश्शाचं पानी. जरासंच."

"मीठ?"

तुम्ही पुन्हा बोट वाटीत बुडवलंत.

"अण्णा, डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलंय. तिच्या किडन्या चालत नाहीत. तुम्ही तिला मारताय."

"आन् तू काय करतीस?" तुम्ही म्हणालात. आवाज चढला नव्हता. "उपाशी मरतीया ती. तुला दिसत नाय?"

मला दिसत होतं. तेच तर मला रात्रंदिवस दिसत होतं. मी तुमच्या हातातली वाटी घेतली. तुम्ही सोडली नाहीत. क्षणभर आपण दोघं एका वाटीला धरून राहिलो, आणि खाली झिप्री आपली, वाटीकडे तोंड करून, जीभ फिरवत होती. मग मी म्हटलं की चला, डॉक्टरांनाच विचारू, ही वाटी घेऊन चला. तुम्ही उठलात, धोतर नीट केलंत, वाटीवर ताटली झाकलीत आणि झिप्रीला उचललंत.

त्या रिक्षात आपण शेजारी बसलो होतो. झिप्री तुमच्या मांडीवर, वाटी माझ्या. द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तुम्ही समोर बघतच विचारलंत, "तुझे बाबा हिला जेवायला कसं बोलवायचे?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग सांगितलं. बाबा म्हणायचे, चला बाईसाहेब, पानं वाढलीत.

तुम्ही ते ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलंत. मी रिक्षाच्या बाहेर बघत राहिले.

डॉक्टरांनी वाटी हुंगली आणि तुम्हाला स्पष्ट सांगितलं की रस्सा पुन्हा दिलात तर कुत्री हातची जाईल. मग माझ्याकडे वळून तितक्याच स्पष्टपणे म्हणाले की पोत्यातलं कितीही चांगलं असलं तरी ते पोटात गेलं तरच उपयोग. मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, थोडं तूप. मीठ नाही, वरण नाही, मटण नाही. त्यात हे मुंबईचं दळून थोडं थोडं मिसळा. तुम्ही त्यांना विचारलंत, तूप चालेल नक्की? आणि ते हो म्हणाल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी तेव्हा विजय समजले. आता वाटतं, सुटका असेल.

घरी येऊन आपण कामाला लागलो. तुम्ही भात टाकलात. मी मिक्सरमध्ये ते दाणे दळले, आणि वासानं तुम्ही तोंड फिरवलंत. हे भांडं पुन्हा चटणीला वापरायचं नाही, एवढंच म्हणालात. तुम्ही भात कालवलात, मी वरून भुकटी घातली. तुम्हाला ती जास्त वाटली, मला कमी. ताटली खाली ठेवल्यावर मी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज तुमचा आला.

"चला बाईसायेब, पानं वाढलीत."

पेठकडच्या बोलीत, माझ्या बाबांचं वाक्य. झिप्रीचे कान उभे राहिले. मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडला. बाहेर आले तेव्हा तिनं थोडंसं खाल्लं होतं. सगळं नाही. पण तिचं नाक अजून ताटलीत होतं, आणि तुम्ही श्वास रोखून बसला होता.

इंदिरानगरच्या फ्लॅटचं नाव पुढे कोणी काढलं नाही. बांधलेली खोकी मी एकेक करून सोडली.

झिप्री त्यानंतर वर्षाहून अधिक जगली. पुढची रक्ततपासणी बरी आली तेव्हा तुम्ही म्हणालात, घरचा भात. मी म्हटलं, पोत्यातली भुकटी. डॉक्टर म्हणाले सलाइन आणि औषधं, पण त्यांचं आपण दोघांनीही ऐकलं नाही. हे भांडण मग कायमचंच झालं. ताटलीत भुकटी किती आणि तूप किती, यावरून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. त्याला पूर्वीची धार राहिली नव्हती असं मी म्हणणार नाही. काही दिवस फार वाईट गेले. ती पुन्हा खाईनाशी झाली की आपण आधी एकमेकांकडेच बघायचो.

ती गेली तेव्हा मी म्हटलं, महापालिकेला कळवू. तुम्ही नाही म्हणालात. विवेकला जीप मागवायला लावलीत आणि तिला पेठला, तुमच्या शेतावर नेलंत. बांधाकडेला जिथे तुमच्या वडिलांचे बैल पुरले होते, तिथे तुम्ही स्वतः खड्डा खणलात. विवेकनं कुदळ मागितली तर दिली नाहीत. धाप लागली की तुम्ही थांबत होता आणि पुन्हा खणत होता. माती सारून झाल्यावर हात झटकून मला म्हणालात, "हितं आपली सगळी हायेत."

त्या शनिवारच्या वाक्याची तुम्ही कधी माफी मागितली नाहीत. बांधावर जे बोललात ती माफी होती का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मग मला ते धरून बसावं लागलं असतं. म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला कळलं असेल मी का गप्प राहिले ते? हे आता कोणाला विचारू?

परवाच्या सकाळीसुद्धा आपलं तेच चाललं होतं. वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यानं पिल्लू आणलंय, ते त्याला काय घालायचं विचारायला आले होते. तुम्ही भाकरी कुस्करायची कशी ते सांगत होता. मी आतून म्हटलं की चांगलं पोतं आणा, यांचं ऐकू नका. तुम्ही त्यांना म्हणालात, ही अशीच बोलते, हिला मी पटवतो. मग पिशवी घेऊन भाजीला गेलात आणि भाजीच्या गाडीपाशीच छातीवर हात ठेवून खाली बसलात, ते पुन्हा उठला नाहीत. ते जोडपं काल पुन्हा आलं होतं. पिल्लू बरोबर होतं, त्याला खाली ठेवून उभे राहिले, पण विचारलं काही नाही. मीही काही सांगितलं नाही. तुमच्याशिवाय माझं म्हणणं मांडायला मला जमेना.

मला अजूनही पटलेलं नाही, अण्णा. झिप्री त्या भुकटीमुळे जगली, असंच मी म्हणणार.

काल रात्री पहिल्यांदा सगळा स्वयंपाक मी एकटीनं केला. आमटी पातळ झाली, भाकऱ्या जाड झाल्या, एक तर कडेला कच्चीच राहिली. मी विवेकच्या तोंडाकडे बघत बसले होते. तो खाली मान घालून जेवला आणि ताट उचलून मोरीत ठेवून आला. जेवणावरून या घरात कोणीच काही बोललं नाही.